स्टॉकहोमसाठी लिहिलेला कागद

मला माझ्या हुशारीचा भारी गर्व होता. आमचे हे चौथी शिकलेले आणि मी मॅट्रिक, वर टायपिंगच्या दोन परीक्षा. तरी लग्न जमलं, कारण मुलगा बहारीनला ड्रायव्हर. ते ज्या व्यापाऱ्याची गाडी चालवायचे त्याच्याच मनामा शहरातल्या ऑफिसात पुढे मी टायपिस्ट म्हणून लागले. जवळच्या झिंज भागात दोन खोल्यांचं घर घेतलं.

ह्यांना मराठी छान वाचता यायचं, इंग्रजीचं मात्र अक्षरही नाही. गाडी चालवताना त्यावाचून कधी अडलं नाही. हमद टाउनमधली चक्रं, म्हणजे रस्त्यातले गोल चौक, सगळी एकासारखी एक, भलेभले तिथे तीन-तीनदा गोल फिरायचे. हे कुठल्या चक्राजवळ कसलं दुकान आहे ते बघून ठेवायचे आणि बरोबर पोचायचे. ऑफिसात कुणालाच हे ठाऊक नव्हतं, आम्ही दोघांनी मिळून लपवलं होतं. घरी मात्र काही बिनसलं की मी फाडकन म्हणायची, "तुम्हाला काय, वाचायचंय थोडंच!" ते उठून गाडी पुसायला जायचे.

ऐंशीच्या दशकातल्या एका हिवाळ्यात आमचे म्हातारे अर्बाब, म्हणजे मालक, हृदयाच्या ऑपरेशनसाठी स्टॉकहोमला निघाले. सोबत त्यांचा मुलगा आणि उठवायला-बसवायला आमचे हे. तिकिटांबरोबर एक पुस्तिका आली: जुनं स्टॉकहोम आपलं आपण पायी फिरा, गाईड नको, बारा थांबे, आत नकाशा. आमच्या ऑफिसातल्या बायका सुटीत युरोप बघून यायच्या आणि महिनाभर तेच दळण दळायच्या. ऐकून ऐकून माझा जीव जळायचा. म्हटलं, आता आमच्याही घरातून कुणीतरी बघून येऊ दे.

हे म्हणाले, "अगं, मी आजारी माणसाबरोबर चाललोय. फिरायचं काय त्यात?"

"एक दिवस तरी सुटी मिळेलच ना? अहो, जन्मात परत जाणार आहात का तिकडे?"

दोन संध्याकाळी खपून मी ती अख्खी पुस्तिका मराठीत उतरवली. ऑफिसची सवय, त्यामुळे खाली कार्बन घालूनच. राजवाड्यापासून सुरुवात, वळसा घालून मोठं चर्च, पुढे चौक, चौकात विहीर, तिथून अमक्या नावाची गल्ली, उजवीकडे तमक्या नावाचा बोळ, असं करत करत शेवटी पूल आणि पुलापलीकडे ह्यांचं हॉटेल. खाली बजावून लिहिलं, जत्रेत पोरांना सांगतात तसं: "वाट चुकलात तर इकडेतिकडे भटकू नका. आहात तिथेच उभे राहा." पुस्तिका माझ्याकडेच ठेवून घेतली. तुम्हाला तिचा काय उपयोग, म्हटलं.

ऑपरेशन नीट झालं. त्यानंतरच्या रविवारी अर्बाबांच्या मुलाने ह्यांना सुटी दिली. बहारीनमध्ये रविवार कामाचा. संध्याकाळच्या पाळीला मी एक लांबलचक कोटेशन टाइप करत होते, तेवढ्यात स्टॉकहोमहून फोन आला. मुलगा आमच्याशी हिंदीतच बोलायचा.

"तेरा आदमी सुबह दस बजे गया। मैंने खुद राजवाड़े के पास छोड़ा। बोला, एक बजे तक होटल आएगा। अभी चार बज गए। इधर अंधेरा हो गया, बर्फ गिर रही है।"

पण मी शहाणी! म्हटलं, थांबा, माझ्याकडे कागदाची कॉपी आहे, ते कुठे असतील ते मी आत्ता सांगते. ड्रॉवरमधून कार्बनची प्रत काढली आणि फोनवर वाचू लागले. राजवाडा, चर्च, चौक, विहीर. तिथून गल्लीचं नाव. ते नाव मी मोठ्याने वाचलं आणि तिथेच थांबले.

गल्लीचं नाव मी मराठीत लिहिलं होतं. बोळाचं मराठीत, पुलाचं मराठीत, हॉटेलचंसुद्धा मराठीत. तिथल्या पाट्या काय मराठीत असणार होत्या? राजवाडा, चर्च, विहीर डोळ्यांनी ओळखता येतात. त्यापुढे सगळा मामला पाट्यांचा. ह्यांना पाटी वाचता येणार नाही, आणि ह्यांच्या हातातला कागद त्या अख्ख्या शहरात कुणाला वाचता येणार नाही. आणि नकाशा? नकाशा इथे, माझ्या ड्रॉवरमध्ये!

"हॅलो? हॅलो?" तिकडून मुलगा ओरडत होता.

खरं कारण सांगावं तर नवऱ्याचं झाकलेलं उघडं पडतं, न सांगावं तर माणूस बर्फात जातो. सांगून टाकलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, एक अक्षर येत नाही, आम्ही खोटं बोललो. चौकात बघा. विहिरीचा चौक. तिथून गल्ल्या फुटतात, त्यातल्या एखाद्या गल्लीच्या तोंडाशी असतील. भटकणार नाहीत, मी उभं राहायला सांगितलंय.

"इतनी ठंड में?" मुलगा म्हणाला. फोन ठेवला.

नंतरचे दोन तास मी कसे काढले ते माझं मला माहीत. ऑफिसातले सगळे घरी गेले, मी फोनकडे बघत बसले. ह्यांच्या पायात बाजारातून घेतलेले साधे बूट होते, एसीच्या गाडीत बसून चालवताना घालायचे. लोकरीचे मोजे घेऊ या का, असं ते म्हणाले होते आणि मी म्हटलं होतं, तिथे हॉस्पिटलातच तर असणार आहात. त्याच तोंडाने मी त्यांना फिरायला धाडलं होतं. टेबलावर डोकं आपटून घ्यावंसं वाटत होतं. देवाला काय वाटेल ते बोलले. नवस केले, शिव्या दिल्या, परत माफी मागितली. ह्यांना काही झालं तर गावी सासूबाईंना कुठल्या तोंडाने सांगू, की तुमच्या मुलाला मी उभं राहायला सांगितलं आणि तो उभा राहिला?

फोन वाजला. सापडले होते. चौकातून फुटणाऱ्या एका गल्लीच्या तोंडाशी, पोलिसांना. कागद हातात तसाच. "तेरे कागज ने बचा लिया," मुलगा म्हणाला. मी फोनवरच मोठ्याने रडले.

उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. बर्फाचं पाणी बुटात शिरून पाय भिजले होते. अर्बाबांबरोबर हे परत आले ते काठी घेऊन. सगळं ऑफिस भेटायला झिंजला आलं, आणि येणारा प्रत्येक जण माझं कौतुक करून गेला. काय ती बाई, काय तिचं डोकं! मला जेवण जाईना. ह्यांचं गाडी चालवणं बंद झालं होतं, त्यांना गोडाऊनवर बसवलं होतं, आणि ह्यांनी मला एका शब्दाने विचारलं नव्हतं.

शेवटी एका शुक्रवारी दुपारी पायाची पट्टी बदलताना मीच म्हटलं, "एखाद्या दुकानात तरी शिरायचं होतंत."

"बंद होती दुकानं. एक बाई हाताला धरून कुठे नेत होती, मी गेलो नाही. तू लिहिलं होतंस ना, हलू नका म्हणून."

"अहो, चूक माझी झाली. नावं मी मराठीत लिहिली. पाट्या..."

"अगं, ते मला तिथे गेल्यागेल्याच कळलं." हे चक्क हसले. "पहिल्यांदा राग आला. मग म्हटलं, हिच्या लक्षातच आलं नाही की मला पाट्या वाचता येत नाहीत. लिहिताना चारचौघांसारखंच धरलं हिने मला. खोटं नाही सांगत, त्या थंडीत मला त्याचंच बरं वाटत होतं."

माझ्या हातात पट्टी तशीच राहिली. मी ह्यांना कुणासारखंच धरलं नव्हतं. लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे ऑफिसातल्या बायका होत्या, त्यांच्यापुढे मी काय काय सांगणार ते होतं. हे कुठे नव्हतेच.

"हो ना," मी म्हटलं. "माझ्या लक्षातच आलं नाही."

हे मान डोलावत पायाकडे बघत राहिले, समाधानाने. मी पट्टी गुंडाळायला घेतली, पण मला धड दिसत नव्हतं.