खाली म्हणजे काय

आमच्या मजल्यावर रोज संध्याकाळी पाचच्या सुमारास कुणीतरी मरतं. पहिल्या दिवशी वॉचमन काठी घेऊन धावत वर आला होता. समोरच्या फ्लॅटमधून स्पष्ट आवाज येत होता, "मेलो रं मेलो! आप्पा, तुनी मारलंस मना!" बिचाऱ्याने दार ठोठावलं तर आत दोन म्हातारे सोफ्यावर गुडघ्याला गुडघा लावून बसलेले, हातात रिमोट, समोर टीव्हीवर आगीचा डोंब. तेव्हापासून वॉचमन फक्त खालून विचारतो, "आज कोण गेलं?"

हे सगळं मला कसं माहीत? मी दार उघडं ठेवते. हवा खेळती राहावी म्हणून. आता हवेबरोबर आणखी काही आत आलं तर त्यात माझा काय दोष?

तर हे आमचे आप्पा. साताऱ्याकडचे. उमेदीचं सगळं आयुष्य तुर्भ्याच्या धान्य मार्केटात हमालांच्या टोळीत पाठीवर पोती वाहिली. गुडघ्यांनी संप पुकारला तसे घरी बसले. मुलगा शिवतेज इथे ऐरोलीतच कंपनीत. त्याने हौसेने गेमचं मशीन आणलं आणि शिफ्टच्या रगाड्यात विसरला. बाळाबाईंनी, म्हणजे आप्पांच्या बायकोने, त्यावर क्रोशाचा रुमाल घालून गणपतीसारखं मांडून ठेवलं होतं.

तो रुमाल काढला गोटीरामशेठनी. हे जवळच्याच पावणे गावचे, मूळचे आगरी, पांढरी सफारी, गळ्यात साखळी. आप्पा तरुणपणी त्यांच्याच चाळीत भाडेकरू होते. मालक-भाडेकरू भांडून भांडून शेवटी जिवलग होतात, तसं यांचं झालं. आता शेठ रोज स्कूटरवरून इथे येतात आणि लढतात.

गेम असा, की दोन शिपाई एका जळत्या किल्ल्यातून सुटायला बघतात. दोघांनी मिळूनच लढायचं. एक मेला की दुसराही गेला, पुन्हा पहिल्यापासून. शेवटच्या दरवाजात एक डोंगराएवढा राक्षस गदा घेऊन उभा. त्याचं आप्पांनी नाव ठेवलं होतं 'मुकादम'. का, ते विचारू नका, त्यांचे मार्केटातले जुने हिशेब असतील.

आणि या मुकादमापाशीच घोडं अडलं. गदा फिरायला लागली की शेठ ओरडायचे, "खाली! आप्पा, खाली!" आणि नेमके तेव्हाच आप्पा बंदुकीचा घोडा दाबून ताठ उभे. धडाधड सगळ्या गोळ्या हवेत. मग गदा बसायची ती बसायचीच. दोघे आडवे. वॉचमन खालून, "आज कोण गेलं?"

गेल्या शुक्रवारी शेठचा पारा चढला. "रविवारपरत मुकादम नाय परला, त मी मिथुनला घेऊन खेलन. सांगून ठेवतंय!"

मिथुन म्हणजे शेठचा पुतण्या. डोळे मिटून असले दहा मुकादम लोळवेल, असा पोरगा.

आप्पांनी रिमोट पुसून टेबलावर ठेवला. पण शनिवारी बाळाबाई माझ्याकडे विरजण मागायला आल्या त्या बसल्याच. "काय सांगू बाई, मार्केट सुटलं तवा येवढं तोंड पडलं न्हवतं. सकाळी भाकरी पुढ्यात, आन् ह्ये म्हंत्यात, 'बाळा, टोळीतनं काढत्याल बग मला.' टोळी कुठली? ह्ये दोन म्हातारं म्हंजी टोळी!" हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मग मलाही दही जरा जास्तच द्यावं लागलं.

रविवारी मी वाटीभर अळूवड्या घेऊन समोर गेले. शेजारधर्म हो! शेठ आले होते. मागे मिथुन, मोबाइलमध्ये मान घालून. आप्पा दाढी करून, धुतलेला सदरा घालून बसलेले, जणू मुलगी बघायला निघालेत.

मुकादम आला. गदा उठली. शेठ गरजले, "खाली! खाली!" आप्पांनी धडधडधड गोळ्या संपवल्या. गदा बसली. दोघे गेले.

शेठ उठलेच. "अरं, कवरा वेला सांगलं तुला, खाली हो! आन् तू उभा राहून फटाके फोरतंस?"

आप्पापण उसळले. "आरं मग केली की खाली!"

"काय केली?"

"बंदूक! तू म्हनतूस खाली, म्या सगळी खाली करतू! एक गोळी ठेवत न्हाय! आन् वर मलाच शिव्या?"

आता माझी ट्यूब पेटली. मार्केटात 'खाली' म्हणजे ट्रक खाली करायचा, पोतं न् पोतं उतरवून मोकळा! शेठ सांगत होते वाकायला, हे ऐकत होते रिकामं करायला.

"येड्या, मंग एकदा तरी इचारायचास, खाली म्हंजे काय म्हनून!"

"टोळीत हाक आली की इचारायचं नसतं," आप्पा खालच्या मानेने म्हणाले. "भिडू म्हनला खाली, तर खाली."

शेठ मटकन सोफ्यावर बसले. आधी पोट हललं, मग साखळी हलली, मग अख्खा सोफा. मिथुनने पहिल्यांदा मोबाइलमधून मान वर काढली. मी तर अळूवडी घशात अडकून मरायला टेकले.

डोळे पुसत शेठनी विचारलं, "मंग वाकाला तुमी काय म्हनता रं?"

"पाठ दे."

"बस. रिमोट घे."

मुकादम पुन्हा आला. गदा उठली. "पाठ दे!" आप्पांचा शिपाई सपकन वाकला आणि सोफ्यावर आप्पाही वाकले, नाक गुडघ्याला! गदा वरून गेली. "पाठ दे!" पुन्हा दोघे आप्पा खाली. गुडघ्यांचा संप जागच्या जागी मिटला. "पाठ दे, आप्पा!" बाळाबाई स्वयंपाकघराच्या दारात, हातात झारा, तोंडात देवाचं नाव. मग दमलेल्या मुकादमाने जबडा उघडला आणि शेठ जीव खाऊन ओरडले,

"आता कर खाली!"

आप्पांनी अशी खाली केली, अशी खाली केली, की मुकादम दरवाजासकट कोसळला.

पुढचा धुडगूस काय सांगू! शेठ आप्पांना उचलायला गेले, आप्पा म्हणाले, "येडा हायेस का, कंबर जाईल," आणि त्यांनीच शेठना उचललं. मिथुनने रिमोटकडे हात नेला मात्र, शेठनी त्यावर चापट मारली. "तू जा घरी. माझा भिडू हाय."

"आता तरी मशीन झाका," बाळाबाई म्हणाल्या.

"झाकतीस काय? पुढल्या दारात दुसरा मुकादम उभा हाय!"

दिवेलागणीला आप्पा पेढ्यांचा भरलेला डबा घेऊन लिफ्टपाशी उभे दिसले. सगळ्या विंगला वाटायला निघाले होते. मी पुढे होऊन ओंजळ धरली आणि अगदी साळसूदपणे विचारलं, "काय आप्पा, खाली का?"

अख्खा डबा माझ्या ओंजळीत उपडा झाला.