धूरमामा आणि माझी पन्नी

आमच्या गल्लीतला धूरमामा कोणाच्याही घरी गेला की बसायचा नाही, पाणी मागायचा नाही. सरळ समोरच्या खोलीतल्या कापसाच्या ढिगाशी जायचा आणि खांद्यापर्यंत हात आत खुपसायचा. डोळे मिटून चाचपायचा, मग हात बाहेर काढून नाकाशी धरायचा. "थंडा हाय. आता मांडा चहा." लग्न होऊन मी पांढुर्ण्याहून सौंसरला आले, त्याच आठवड्यात हा प्रकार पाहिला आणि ओरडलेच, "आई, हा कोण बाबा आपल्या कापसात घुसून राहिला?" सासूबाई हसून हसून खाली बसल्या. पुढे कितीतरी वर्षं पाहुण्यांना ही गोष्ट त्या सांगायच्या, आणि दर वेळी माझा आवाज आणखी चिरका करून.

आमच्याकडे भाव येईपर्यंत कापूस घरातच असतो. माणसं त्याच्या कडेला खाट टाकून झोपतात, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. धूरमामाला वाटायचं, कारण त्याचं आयुष्य सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यात गेलं होतं. "कापूस पेटत नाही सूनबाई, तो धुपते," तो म्हणायचा. "वेचणाऱ्याच्या बिडीची ठिणगी आत गेली ना, तर दोन-दोन दिवस गुपचूप बसते." बोरगावला त्याची बहीण अशाच धुराने गेली होती. आग तिच्या खाटेपर्यंत पोचलीसुद्धा नव्हती. अंगावर एक फोड नाही, झोपली होती तशीच. तिची मुलगी शाळेत होती म्हणून वाचली. त्या भाचीला त्यानेच वाढवलं, आणि तेव्हापासून धुराच्या अलार्मचं त्याचं वेड सुरू झालं.

अलार्म आणायला तो बसने नागपूरला जायचा. दुकानदाराने मोठा, चकचकीत डबा पुढे केला की म्हणायचा, "जाळाले ओरडते तो नोको, धुराले ओरडते तो दाखव." आणि दुकानातच ओलसर कापसाचा बोळा पेटवून डब्याखाली धरायचा. दोन दुकानांतून त्याला हाकललं होतं, आणि तेही तो मोठ्या अभिमानाने सांगायचा. डबा लावायचा तो झोपायच्या जागेजवळच्या छताला, पंख्यापासून लांब. स्वयंपाकघरात कधीच नाही. "फोडणीले बोंबलला तर बाई दुसऱ्या दिवशी काढून फेकते." मधूनच चिर्र चिर्र करायला लागला की सेल बदलायचा. दहा वर्षं झाली की डबाच बदलायचा, म्हणून लावल्याचा महिना तो मागे पेनाने लिहून ठेवायचा.

दर अमावस्येला काठी घेऊन तो सगळ्या गल्लीतून फिरायचा आणि घराघरात काठीच्या टोकाने अलार्मचं बटण दाबायचा. अमावस्याच का, म्हणून मी विचारलं होतं. "एक तारीख पगारवाल्यायच्या ध्यानात राहते. अमावस्या साऱ्यायच्या." डबा किंचाळला की म्हणायचा, "जित्ता हाय," आणि पुढच्या घरी जायचा. सासूबाई त्या डब्याला पाहुणा म्हणायच्या. "झाली का पाहुण्याची बोंब? आता चहा घ्या."

आता माझं सांगते. मी बोरगावच्या शाळेत मास्तरीण, गल्लीतली हुशार बाई. नव्या वस्तूवरची प्लॅस्टिकची पन्नी काढायची नाही, ही आमच्या घरची रीत. रिमोट पन्नीत, खुर्च्या पन्नीत, गॅसचं कार्डसुद्धा पन्नीत. धूरमामाने बजावलं होतं की कापसाची रुई उडून डब्याच्या भोकांत बसते, मऊ ब्रशने झाडत जा. रोज कोण झाडणार? मी एक स्वच्छ पन्नी घेतली, डब्याला घातली आणि वरून रबर बांधलं. रुई आत जायचा प्रश्नच मिटला. काय शहाणपणा वाटला होता मला स्वतःचा!

पुढच्या अमावस्येला धूरमामा आला. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ऑपरेशन तो पुढे ढकलत होता, कापसाच्या दिवसांत फेरी चुकायला नको म्हणून. त्याने काठीने चाचपत बटण दाबलं. डबा पन्नीतूनही किंचाळला. "जित्ता हाय," तो म्हणाला. बटण फक्त भोंगा तपासतं, धूर आत शिरतो की नाही ते बटणाला कळत नाही. हे मला ठाऊक नव्हतं. त्याला होतं, पण त्याला पन्नी दिसली नाही. आणि मी शेजारीच त्याच्यासाठी चहाचा कप धरून उभी होते.

आठच दिवसांनी, भर दुपारी, मी वर्गात असताना फोन आला. घरी पोचले तेव्हा लोक कापसावर बादल्या ओतत होते आणि सासूबाईंना अंगणात आणून ठेवलं होतं. जेवून पडल्या होत्या, त्या उठल्याच नाहीत. अंगावर एक फोड नव्हता. मला सासू म्हणून नाही, मैत्रीण म्हणून मिळालेली बाई होती ती. मी वेड्यासारखी आत धावले. धूरमामा स्टुलावर उभा होता. डबा त्याच्या हातात होता, आणि त्यावर माझी पन्नी आकसून चिकटली होती. त्याने डबा डोळ्यांजवळ नेला, बोटाने चाचपला. मग माझ्याकडे पाहिलं आणि डबा गमछ्यात गुंडाळला. "पोरी, चूप राह्य," एवढंच म्हणाला.

बाहेर येऊन तो सगळ्यांसमोर बोलला, "सेल मेला होता. म्या बदलला नाही. माह्या हातची चूक हाय." माझ्या नवऱ्याने त्याची कॉलर धरली. लोकांनी सोडवलं नसतं तर त्याने म्हाताऱ्याला मारलंच असतं. मी दारात उभी होते. सुनेने सासू मारली, हे शब्द मला तेव्हाच ऐकू येत होते, आणि मी चूप राहिले. भित्री, दुसरं काय म्हणू?

त्यानंतर गल्लीने एकेक डबा काढून त्याच्या ओट्यावर नेऊन टाकला. चार वर्षं त्याला कोणी दारात उभं केलं नाही. पण दर अमावस्येला त्याच्या घरातून सगळे डबे एकामागून एक किंचाळायचे. लोक म्हणायचे, बुढा येडा झाला. मी ऐकू न आल्यासारखं दाखवून पोळ्या लाटायचे. एकदा बसस्टँडवर तो एकटा सापडला. मी रडत म्हटलं, "मामा, मी सांगून टाकते." तो म्हणाला, "मले काय, दोन दिवसाचा पाहुणा. तुले त्या घरात जिंदगी काढाची हाय."

मागच्या महिन्यात तो गेला. तेरवीला सारी गल्ली मांडवात जेवायला बसली होती. भाचीने येऊन माझ्या हातात एक गाठोडं दिलं. "मामानं तुमच्या नावानं ठेवलं होतं." वरच्या कागदावर लिहिलं होतं, सूनबाईले. बोटांनाच कळलं आत काय आहे. पिशवीत टाकून घरी नेता आलं असतं, विहिरीत फेकता आलं असतं. तेवढ्यात पंगतीतून नवऱ्याचा आवाज आला. कोणाला तरी सांगत होता, "एक सेल बदलला असता बुढ्यानं, तर माझी माय आज असती."

मी गाठ सोडली आणि डबा नेऊन नवऱ्याच्या पानाशेजारी ठेवला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला. "हे काय चिकटलं हाय?"

"पन्नी," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "धूर आत जाऊच शकला नाही. सेल चांगला होता. पन्नी मी बांधली होती."