कुसुमाची लाल पालवी आणि शामरावांचं काळीज

लाल पानं बघायला आम्ही काश्मीरला जाणार होतो. गेलो राधानगरीला. शामरावांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, बायपासला वर्ष होत आलं होतं. डॉक्टरांनी "उंचावर नको, दगदग नको, चढ तर नकोच" असं बजावलेलं, आणि डॉक्टरांपेक्षा मी कडक. सिलिंडर मी सरकवायचा, भाजी मी आणायची, गाडी मी चालवायची. शामराव खुर्चीत बसून पेपर वाचायचे आणि दिवसेंदिवस गप्प होत चालले होते. एकदा पेपर खाली ठेवून म्हणाले, "फाल्गुनात आमच्याकडं कुसुम लाल होतो. तेवढा तरी दाखव." त्यांचं लहानपण त्याच डोंगरात गेलेलं. तरी "दाखवतो" नाही, "दाखव" म्हणाले. ते मला लागलं, आणि मी हो म्हटलं.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी सांगते. थंड मुलखात पानं झडताना लाल होतात, आपल्याकडं कुसुमाच्या झाडाची फुटतानाच लालभडक असतात. पंधरवड्यात हिरवी होतात, म्हणजे हुकलं की वर्षभर थांबा. लांबून पळस बघून फसू नका. पळसाला तेव्हा नुसती फुलं असतात, पान औषधालाही नसतं.

सकाळी लवकर मारुती काढली. पेट्रोल कोल्हापुरातच भरून घ्या. रंकाळा मागं पडला की उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात, आणि त्या कुणाच्या बापाला बाजू देत नाहीत. शामराव शेजारी बसून पायानं नसलेला ब्रेक दाबत होते. "घाल की फुडं!" "गप्प बसा, बीपी वाढेल." असा संवाद हळदी गावापर्यंत. तिथं मिसळ खाल्ली. शामरावांची तिखट कटाशिवाय.

"कट नगो?" हॉटेलवाला ओरडलाच. "मग पावणं, मिसळ कशापायी घेतलासा?"

शामरावांनी माझ्याकडं बोट दाखवलं. अख्खं हॉटेल हसलं. मला मेलीला हसू आलं नाही.

राधानगरीचं धरण ओलांडलं आणि मोबाईलची रेंज गेली. इथून पुढं खरी सहल सुरू होते म्हणतात, माझी धाकधूक सुरू झाली. डांबर उखडलेलं, वळणावर खडी, आणि प्रत्येक वळणागणिक दवाखाना लांब जाणारा. जिभेखाली ठेवायची गोळी पर्समध्ये होती, तरी दोनदा चाचपून पाहिली.

मुख्य रस्ता सोडून एका वाडीकडं वळलो. वाडीच्या कडेला, माळ सुरू होतो तिथंच, तो कुसुम उभा होता. आजूबाजूचं सगळं रान उघडंबोडकं, गवत वाळून पिवळं, आणि मधोमध हे एकच झाड नव्या नवरीसारखं. पानांतून ऊन आलं की खाली मातीसुद्धा तांबूस दिसत होती. शामराव खोडाला हात लावून उभे राहिले. वर्षभरात त्यांचा चेहरा मी असा मोकळा पाहिला नव्हता. मी मात्र "उन्हात किती वेळ उभं राहणार?" असंच म्हणाले.

तेवढ्यात वास आला. माळाच्या वरच्या अंगाला धूर.

या भागात दरवर्षी माळाचं वाळकं गवत पेटवतात. वळीव पडला की कोवळं गवत लवकर फुटतं, असं मानतात. पण पेटवायचं ते सांज झाल्यावर, वारं पडल्यावर. त्या दिवशी वाडीतल्या एकाला संध्याकाळी लग्नाला जायचं होतं, म्हणून त्या गड्यानं भर दुपारीच काडी ओढली. आणि वारं फिरलं. जाळ उतारानं खाली यायला लागला, सरळ गोठ्यांवर आणि भाताच्या पिंजराच्या गंज्यांवर.

"पावणं, गाडी काढा आदी!" एकजण पळत येत ओरडला. मी किल्ली लावली, गाडी वळवली. शेजारची सीट रिकामी.

शामराव कुसुमाची फांदी मोडत होते. ते एकटेच नाहीत, सगळी वाडी त्या झाडावर तुटून पडली होती. फाल्गुनात ओला पाला दुसरा कुठला? आणि जाळ झोडपायला ओलाच पाला लागतो. जी पानं बघायला आम्ही आलो होतो ती कडाकडा मोडून माणसं चढावर पळत होती, आणि त्यांच्यात माझा नवरा.

"अहो! तुम्हाला नको ते! थांबा!"

"लहानपणी दर साली झोडपलंय!" एवढं म्हणाले आणि धुरात गेले.

मी पर्स उराशी धरून मागं धावले. खरं सांगते, त्या वाडीचे गोठे जळाले असते तरी मला त्या वेळी काही वाटलं नसतं. मला धुरातून फक्त एक पांढरा शर्ट दिसायला हवा होता. तो दिसायचा, वाकायचा, नाहीसा व्हायचा. एका म्हातारीनं माझ्या हातात फांदी कोंबली. "बाई, उबं राहू नगासा! हाणा!" मग मीही हाणलं. रडत, शिव्या देत, शामरावांना, डॉक्टरांना, त्या लग्नाला जाणाऱ्या गड्याला.

जाळ गंज्यांच्या अलीकडं विझला. शामराव बांधावर बसले होते, तोंड काळं, धाप लागलेली. मी गोळी काढली. त्यांनी माझं मनगट धरलं. "थांब. दमलोय, दुखत न्हाय." मी त्यांच्या छातीवर हात ठेवून कितीतरी वेळ बसले. धाप हळूहळू उतरली.

म्हातारीनं चहा दिला, साखर घालून. मी अडवला नाही. कुसुमाकडं बघवत नव्हतं, नुसता सांगाडा उरला होता. "पाला काय, फुटंल की परत," म्हातारी म्हणाली. "पावणं, फुडल्या साली या." शामराव "येतो" म्हणाले. "यांना दाखवायला आणीन" असं मी म्हणणार होते, ते गिळलं.

फोटो एकही नाही, तेव्हा मागू नका. कपड्यांचा धुराचा वास दोन धुण्यांत गेला. भीती गेली का, तर नाही.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. ऑपरेशनपासून रोज सकाळी जाग आली की मी आधी शामरावांच्या छातीकडं बघते, हलतीय ना. दुसऱ्या दिवशीही बघितलं. ते खाकरले, कुशीवर वळले. मी निर्धास्त होऊन उठायला लागले.

"दिसलं न्हवं?" डोळे मिटूनच ते म्हणाले.

"काय?"

"अजून हाय म्हणून. वरीसभर तुज्या आदी जागा हून पडतोय मी. तू बघाय लागलीस की कूस बदलतो, उगं घाबरायला नगो म्हणून. आता तरी झोपू दे की मला."

मी परत आडवी झाले. त्या दिवशी आम्ही दोघंही उशिरा उठलो.