बाभळीखालची गार जागा

उजनी धरणाच्या फुगवट्यावर वल्ह्याच्या होडीतून फिरायचं आणि काठावर तंबूत राहायचं, हा माझ्या माळशिरसच्या मेहुण्याचा छंद. गेल्या वर्षी तो माझ्या मुलीला घेऊन गेला आणि ती कानामागे गोचीड घेऊन परत आली. वर हा माझ्या सासुरवाडीत सांगत सुटला, गोचीड आमच्या सोलापूरच्या घरातलाच. आमच्या घरात मांजरसुद्धा नाही! बायकोने मुलीला बजावलं, ‘पुन्हा असं झालं तर होडी कायमची बंद.’ पोरीचा जीव त्या वल्ह्यात अडकलेला. म्हणून यंदा मी स्वतः गेलो.

मेहुण्याने तिच्यासाठी काळी पँट आणली होती. तिथेच मला संशय आला. काळ्यावर गोचीड दिसणार कसा? मी तिला पांढरी घालायला लावली, वर पायमोजे ओढले.

काठाला लागताच हा बाभळीखाली तंबू ठोकायला लागला. खाली सगळ्या लेंड्या.

‘इथं मेंढ्या बसतात.’

‘बसत हुत्या दाजी. लई गार जागा हाय की!’

सोलापुरात सात रस्ता चौकातल्या माझ्या दुकानात माल उजेडात पसरल्याशिवाय मी घेत नाही. पांढरी चादर काढली, गवतावरून फरफटवली आणि तिथेच मांडी घालून तपासली. बारीक ठिपके दिसले, हळूहळू सरकणारे.

‘चटणीतलं तीळ असत्याल,’ मेहुणा म्हणाला.

‘तीळ चालतात होय रे?’ मी ओरडलो. तंबू उघड्या मुरमावर हलवायला लावला.

संध्याकाळी मुलीचे कान, मान, केस, गुडघ्यांमागची बाजू तपासली. काही नव्हतं.

‘आता तुम्ही, पप्पा.’

‘मला कशाला?’

मी हाफ पँटवर होतो. तिने मला वळवलंच. ‘हलू नका.’ गुडघ्यामागे एक चिकटला होता. मेहुणा रॉकेल शोधायला धावला, त्याला मी हाकललं. तिने चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढला.

‘आता तुमच्या सासुरवाडीत काय सांगू दाजी?’ मेहुण्याला हसू आवरेना.

‘मामा, तू कुणाला काही सांगायचं नाही,’ मुलगी म्हणाली. ‘आणि पप्पा, तुम्ही आईला सांगायचं, होडी चालू ठेव. कबूल?’

धंद्यात मला इतक्या लवकर कुणी कोंडीत पकडलं नव्हतं. ‘कबूल,’ मी म्हणालो. दोघांनी एकमेकांकडे पाहायचं टाळलं. हा सौदा त्यांनी आधीच ठरवला होता, यात मला शंका नाही.