काठावरून दिसेल असा रंग

देवजीने घरात शिरून खुंटीला सदरा अडकवला आणि "चा टाक गो" अशी ऑर्डर सोडली, तेव्हा शकुबाईने मुकाट्याने चहा टाकला. दुसरं काय करणार बिचारी? कप रिकामा झाल्यावर मात्र तिने सांगितलं, "देवजीदादा, तुमचं घर बाजूला हाय."

देवजी उठला. शांतपणे सदरा घातला. म्हणाला, "म्हाईत हाय मना. तुलाच भेटाया आयलू."

असा तो शकुबाईला हल्ली वरचेवर भेटायला येत होता.

तो निघाला की शकुबाई शेजारी येऊन त्याच्या बायकोला, काशीला, सगळं सांगायची, दोघी पदर तोंडावर धरून हसायच्या, आणि शकुबाई गेली की काशी ओट्यावर एकटीच बसून राहायची. नवऱ्याचं हसू करायला बायकोला एरवी कारण लागत नाही. पण हे हसू काशीच्या घशाखाली उतरायचं नाही.

तशी ही बाई सहजासहजी गप्प बसणाऱ्यांतली नव्हे. सारसोळ्याच्या खाडीतली कोळंबी आणि चिंबोऱ्या घेऊन नेरूळच्या बाजारात तिने उभा जन्म पाटी लावली. ज्या गिऱ्हाइकाने मासा दाबून नाक मुरडलं, ते गिऱ्हाईक मासा घेऊनच घरी गेलं. पण देवजीच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला तेव्हा तिची बोलतीच बंद झाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब घालून सांभाळायची. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना देवजीने तिला गळ्याची शपथ घातली. "केतनला बोलू नको. पोराला कललं तर तो मना घरान बसवंल."

काशीने शपथ घेतली आणि पाळली. पण न सांगताही देवजी घरातच बसला.

कारण असं, की देवजी आणि शकुबाईचा नवरा यांनी घरं बांधली ती एकाच साली, भिंतीला भिंत लावून, एकाच भट्टीच्या विटांची. चांगल्या करकरीत भाजलेल्या, काळपट विटा. देवजीला त्यांचा एवढा अभिमान की त्याने गिलावा म्हणून केला नाही. पुढे पावसाळ्यांनी त्यांच्यावर शेवाळ चढवलं, आजूबाजूला चार-चार माळ्यांच्या इमारती उठल्या, आणि गल्लीतला उजेड आटला. आता ती दोन घरं भर दुपारीसुद्धा चुलीमागच्या भिंतीसारखी दिसायची. ज्याची नजर धड आहे त्यालाही नवखेपणी दोन्हींतलं एक ओळखता येऊ नये, तिथे देवजीची काय कथा!

म्हणून शकुबाईकडचा चहा वाढत गेला तसं त्याने जेट्टीवर जाणंच सोडलं. होडी आता पुतण्या चालवत होता, पण रोज संध्याकाळी जाळी विणणाऱ्यांच्यात जाऊन बसायचं, वाऱ्यावर आणि सरकारवर सारख्याच अधिकाराने बोलायचं, हा देवजीचा नेम होता. तो मोडला. "पाय दुकतात," असं तो सांगायचा. पायांना काही झालेलं नव्हतं. परत येताना त्याला घर सापडत नव्हतं. आता तो मान खाली घालून ओट्यावर बसायचा.

दसरा झाला, पावसाने काढता पाय घेतला, आणि एका रविवारी केतनने जाहीर केलं, "दिवाळीच्या आधी घर बाहेरून रंगवून टाकू." केतनचे एपीएमसी बाजारात टेम्पो चालत होते, धंदा बरा होता. घर काळं दिसतं म्हणून त्याच्या बायकोची, नमिताची, भुणभुण तर लग्न झाल्यापासूनची. ती कोपरखैरण्याची, वाशीला ऑफिसात जाणारी, नीटनेटक्या हाताची पोरगी. तिने मोबाइलवर फोटो काढून ठेवले होतेच. सगळ्यांत घर करड्या रंगाचं, खिडक्यांना पांढरी पट्टी.

"आता सगळीकडे ग्रेच चालतो, आई. एकदम क्लासी दिसतो."

काशीने फोटो पाहिला. तिच्या मनात आलं, हा रंग तर गल्लीतल्या सावलीचाच. मग तो द्यायचा कशाला, फुकट आहेच की. पण ती एवढंच म्हणाली, "आधी भिंतीवर लावून बघू."

रंगारी पोपट आला. वायर ब्रशने शेवाळ खरवडून त्याने पुढच्या भिंतीवर पांढऱ्या प्राइमरचे चौकोन मारले. "काळ्या विटेवर रंग डायरेक मारला तर मरतो. आधी पांढरा हात पायजे," असं त्याने समजावलं आणि त्यावर नमुने लावले. करडा, बदामी, फिका हिरवा. चौथा चौकोन काशीने स्वतः मागून घेतला, पिवळा. पोपटाने शेड कार्डावरचा सौम्य पिवळा दाखवला. काशीने पुढचा दाखवला, मग त्याच्याही पुढचा. शेवटी कार्ड संपलं तिथे ती थांबली.

"मावशी, हा डोळ्याला लागंल," पोपट म्हणाला.

"लागू दे की," काशी म्हणाली.

संध्याकाळी सुका बाजार आणायचं निमित्त काढून तिने देवजीला बाहेर नेलं. जाताना, येताना तो भिंतींवर बोटं टेकवत चालायचा. सहज टेकवल्यासारखी, पण सोडायचा नाही. परतताना मारुतीच्या देवळाच्या वळणावरून घराची भिंत दिसू लागली तशी काशी थांबली. "अवो, बघा जरा. कनचा रंग बरा दिसतंय?"

"सगलेच बरे हायत," देवजीने उत्तर दिलं. पक्का बेरकी म्हातारा!

काशीने पुन्हा विचारलं नाही. ती फक्त त्याच्या हाताकडे बघत राहिली. देवजीने मान जरा वर केली, डोळे बारीक केले, आणि बोटं भिंतीवरून सुटली. सुटली ती सुटलीच. तो गल्लीच्या मधोमध, कुणी दोरीने ओढावं तसा सरळ चालत गेला आणि पिवळ्या चौकोनासमोर जाऊन उभा राहिला. काशीला इतका आनंद झाला की हातातली सुक्या बोंबलांची पिशवी तिने देवळाच्या पायरीवरच विसरली. मांजरांची चंगळ झाली.

पिवळ्याशी तिची ओळख जुनी होती. लग्नानंतर देवजीने पहिली होडी घेतली तेव्हा त्याला ती निळी रंगवायची होती, तशी फॅशन होती. नव्या नवरीने सासूसमोर तोंड उघडलं, "पान्यावर निला काय दिसनार? मना काठावरनं दिसली पायजे." सासूने आठ दिवस टोमणे मारले. पण होडीला पिवळा पट्टा लागला. वाऱ्यापावसात सगळ्या बायका काठावर डोळे फोडून उभ्या असायच्या तेव्हा काशीला पिवळा ठिपका आधी दिसायचा, आणि मग ती घरी जाऊन भात टाकायची.

ते दिवस गेले. आता नमिताला पटवायचं होतं, आणि तेही खरं कारण न सांगता.

रविवारी ओट्यावर बैठक बसली. पोपटही रंगाचे डबे आणायला निघायचं म्हणून उभा होता.

"पिवला," काशी म्हणाली.

"आई, अहो स्कूल बस वाटेल ती!" नमिता कळवळून म्हणाली. "माझ्या माहेरचे लोक हसतील."

"हसू दे. मना आवडतं."

"पण का?" केतनने विचारलं. "तुला रंगाचं येड कधीपासनं लागलं?"

काशीला गळ्याची शपथ आठवली. जिभेवर आलेलं तिने गिळलं. "मना आवडतं," ती पुन्हा म्हणाली, आणि तिचं तिलाच ते हट्टी पोरासारखं वाटलं. शकुबाई आपल्या दारातून ऐकत होती.

नमिताचा धीर सुटला. "राग मानू नका आई, पण तुम्हाला रंगातलं कळत नाही. पोपटदादा, ग्रेच आणा."

पोपट वळला. काशीने मान खाली घातली. बाजारात कधी हार न मानलेली ही बाई, आपल्याच ओट्यावर हरली होती.

"पोपट, थांब." देवजी कोपऱ्यातून बोलला. सगळे वळले. तो भिंतीला हात लावून उभा राहिला. "तिला रंगातलं कलतं. मना दिसत नाय, म्हनून ती पिवला मागतंय."

"म्हणजे?" केतन म्हणाला.

"म्हंजे मना दिसत नाय रं! डोले गेलं. मी शकूकरं चा प्यायला नाय जात, मना आपलं घर गावत नाय. पिवला तेवरा दिसतं." देवजीचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "माजी होरी हिला काठावरनं दिसायची. आता मी पान्यान हाय. मना काठ दिसला पायजे का नको?"

काशी रडली. अगदी मोकळेपणाने, पदर न लावता. त्याने जपलेली लाज त्याने चारचौघांत तिच्यासाठी खाली ठेवली होती.

मग केतन खवळला. दवाखाना, थेंब, मला का नाही सांगितलं, दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ, सगळं एका दमात. "आणि जेट्टीवर जायचं बंद!" हेही तो बोलून गेला. देवजीने काशीकडे अशी मान फिरवली की, बघ, मी म्हणालो नव्हतो?

पण नमिता मध्येच बोलली. "कशाला बंद? घर दिसलं की येतील ते." तिने मोबाइलवरचे फोटो बंद केले आणि सासूजवळ बसून शेड कार्ड उघडलं. "आई, पुढची अख्खी भिंत पिवळी. पण दाराच्या चौकटीला पांढरा देऊ, म्हणजे बाबांना दारही कळेल. चालेल?"

"चालंल," काशी नाक ओढत म्हणाली. "तुला बी रंगातलं थोरं कलतं."

दिवाळीच्या आधी घर झालं. गल्लीत येणाऱ्याला त्याच्याकडे न बघता पुढे जाताच येत नव्हतं. नमिताच्या माहेरचे आले आणि ठरल्याप्रमाणे हसले. नमिताने त्यांना फराळ दिला आणि कारण सांगितलं नाही.

पहिल्या संध्याकाळी देवजी जेट्टीवर गेला तेव्हा काशी ओट्यावर येऊन बसली. हातात निवडायला कोळंबी होती, पण लक्ष वळणावर. दिवस कलला. देवळापाशी देवजी दिसला. दोन्ही हात पाठीमागे बांधून, भिंतीपासून लांब, गल्लीच्या मधून डुलत येत होता. शकुबाईच्या दाराशी तो मुद्दाम थांबला आणि आत तोंड करून ओरडला, "शकू, आज चा नको गो. माजं घर आयलं."

काशी उठली आणि आत जाऊन तिने भात टाकला.