शेळी परत आणायची नाही

माझे वडील नावाडी आहेत. एकेचाळीस वर्षं एकच नदी, एकच धक्का आणि सोळा उतारूंची एकच नाव; इंजिन तेवढं दोनदा बदललं. असा माणूस नदी ओलांडण्याच्या कोड्यात अडकेल असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. प्रत्यक्षात त्या कोड्यापायी वेडं व्हायची पाळी माझ्यावर आली.

झालं असं, की बंदर कचेरीने नवा नियम काढला. साठी उलटलेल्या नावाड्याला परवाना पुढे चालू ठेवायचा असेल तर डोळे तपासायचे, कान तपासायचे आणि शिवाय डोकंही तपासायचं. डोळे-कान पास झाले. डोक्याची तोंडी परीक्षा शुक्रवारी होती. त्यात नापास झाला की नाव कायमची धक्क्याला बांधायची. बाबांना घरी बसवणं म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे. मोतीबिंदू काढला तेव्हा ते आठ दिवस घरी होते, तर त्यांनी माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांची वजनाप्रमाणे जागा बदलली. मी दोन महिने साखर शोधत होते.

परीक्षा देऊन आलेल्यांनी सांगितलं की साहेब सगळ्यांना एकच कोडं घालतो. तेच आपलं जुनं. एका माणसाला लांडगा, शेळी आणि गवताचा भारा पलीकडे न्यायचाय. नावेत त्याच्याबरोबर एकच मावतं. मागे लांडगा नि शेळी राहिले तर लांडगा शेळीला खातो, शेळी नि गवत राहिलं तर शेळी गवत खाते. मी शाळेत गणित शिकवते. सहावीच्या वर्गाला हे मी दहा मिनिटांत शिकवलेलं आहे. म्हटलं, एका संध्याकाळचं काम.

मी जेवणाच्या टेबलावर निळा टॉवेल पसरला, ती नदी. किसणी म्हणजे लांडगा, मीठदाणी म्हणजे शेळी, झाडूची काडी म्हणजे गवत आणि साबणाची डबी म्हणजे नाव.

बाबांनी साबणाची डबी उचलून खालून पाहिली. "केवढी आहे ही नाव?"

"एक माणूस आणि एक वस्तू मावेल एवढी."

"तिला नाव म्हणतात? ही पाण्यात घालायची परवानगी दिली कुणी?"

"बाबा, कोडं आहे."

"बरं. लांडगा कुणाचा?"

"त्या माणसाचा."

"लांडगा पाळलाय आणि त्याला साधा दोर मिळत नाही? खांबाला बांधून ठेवायचा आणि मोकळं व्हायचं."

"दोर नाहीये."

"दोर नाही, आणि निघाला नाव घेऊन!"

धक्क्यावर बाबांना सगळे 'वकील' म्हणतात ते उगीच नाही. पहिल्या संध्याकाळी आम्ही वाऱ्याची दिशा, गवत ओलं की सुकं आणि त्या माणसाच्या बायकोने त्याला अडवलं का नाही, यावरच भांडलो. दुसऱ्या संध्याकाळी मी हातापाया पडून त्यांना पुढे ढकललं. शेळी पलीकडे गेली. नाव रिकामी आली. लांडगा पलीकडे गेला. आणि मी म्हटलं, "आता शेळीला परत आणा."

बाबांनी हात मागे घेतला. "नाही."

"अहो, हीच तर युक्ती आहे!"

"पोचवलेला उतारू त्याच खेपेला परत आणायचा नाही."

आता इथे माझं डोकं फिरलं, कारण हा नियम मला पुरता माहीत होता. ज्या म्हाताऱ्याच्या हाताखाली बाबा शिकले त्याने घालून दिलेला. पलीकडे उतरलास की उतरलास. छत्री विसरली असेल, घराची किल्ली विसरली असेल, पुढच्या खेपेची वाट बघ. एकाला परत आणलं की उद्या दहा जण परत येणार आणि काठावरच्या रांगेतले खोळंबणार. एकदा खुद्द पोस्टमास्तर टपालाची पिशवी अलीकडे विसरून पलीकडे उतरले. पाऊण तास उभे केले त्यांना बाबांनी. तक्रार झाली, बाबांना नोटीस आली, ती त्यांनी इंजिनाखाली तेल टिपायला घातली.

"ही शेळी आहे बाबा, पोस्टमास्तर नाही!"

"उतारू तो उतारू."

बुधवार गेला. गुरुवारी सहाव्यांदा ते "नाही" म्हणाले आणि माझा तोल सुटला. "मग मला कसं आणलंत?" मी ओरडले.

बोलून गेले आणि जीभ चावली. अकरा वर्षांत हा विषय आम्ही काढला नव्हता. माझं लग्न पलीकडच्या काठावर झालं होतं. सात महिन्यांनी दोन दिवस माहेरी येऊन मी परत निघाले होते, बाबांच्याच नावेतून. पलीकडे धक्क्यावर नवरा उभा होता. मी उतरले. त्याने पिशवी घेतली नाही, मनगट धरलं, आणि माझी बाही वर सरकली. दंडावर काय होतं ते बाबांनी पाहिलं. दोर सोडत होते, तो त्यांनी पुन्हा खांबाला गुंडाळला आणि धक्क्यावर येऊन म्हणाले, "चल, बस." भरल्या नावेदेखत, त्याच खेपेला. घरी आल्यावर आईने मला कुशीत घेतलं. बाबांनी एक प्रश्न विचारला नाही, आजतागायत नाही.

त्यांनी मीठदाणी उचलून कपाटात जागेवर ठेवली आणि हात धुवायला गेले. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी किसणी तशीच टॉवेलात गुंडाळून ठेवली.

शुक्रवारी मी शाळेतून सुट्टी काढून त्यांच्याबरोबर गेले. कचेरीत लाकडी बाक, भिंतीवर भरती-ओहोटीचा तक्ता आणि साहेबाच्या खोलीचं दार सताड उघडं. साहेब माझ्याहून लहान होता. त्याने टेबलावर स्टेपलर, खोडरबर आणि पेन्सिल ठेवली. स्टेपलर म्हणजे लांडगा, खोडरबर म्हणजे शेळी, पेन्सिल म्हणजे गवत.

बाबांनी शेळी नेली. रिकामे आले. लांडगा नेला. मी बाकाची कड घट्ट धरली. आणि बाबांनी खोडरबर उचलून परत आणलं. मग पेन्सिल पलीकडे नेली, रिकामे आले, आणि हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसले.

"हं, पुढे?" साहेब म्हणाला.

"झालं."

"काका, शेळी राहिली ना अलीकडे."

"राहू द्या."

"अहो, तीही न्यायचीय. एकच खेप उरली."

"तिकडे लांडगा आहे. मी तिला पुन्हा तिथे सोडणार नाही."

साहेबाने घड्याळ पाहिलं, कागद पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं. एकेचाळीस वर्षं एका खोडरबरावरून पाण्यात चालली होती. मी उठून दारात गेले. साहेब रागावला असता तरी मला पर्वा नव्हती.

"अहो बाबा," मी म्हटलं. रागावून म्हणायचं होतं, आवाज मात्र भलताच निघाला. "शेवटच्या खेपेला तुम्ही असता ना तिच्याबरोबर."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग साहेबाकडे वळले.

"मी न्यायची आणि तिथेच राहायचं? रिकामी नाव घेऊन परत यायचं नाही?"

"नाही," साहेब म्हणाला. "तुम्ही तिथेच थांबायचं. हेच तर उत्तर आहे."

"मग हे आधी सांगायचं," बाबा वैतागून म्हणाले. त्यांनी खोडरबर मुठीत धरलं आणि पलीकडे नेलं. साहेबाने शिक्का मारला, परवाना पुढे केला, आणि स्टेपलरच्या शेजारी ठेवलेली मूठ बाबांनी तरीही उघडली नव्हती.