गोदीला गाडी कळते

पूर्णा स्टेशनच्या यार्डाला लागून रूळ सांभाळणाऱ्या गँगमन लोकांची क्वार्टरं होती. शेवटच्या क्वार्टरात कस्तुराबाई राहायची. ती पेडगावची लेक. नवरा चंद्रभान रेल्वेत लागला म्हणून रुळाकाठी आली. नव्यानव्यात शिट्टी झाली की दचकून तिच्या हातची भाकर चुलीत पडायची. मग सवय झाली. तिथली सगळीच माणसं ओरडून बोलायची, हातवारे करायची. इंजिन शंटिंगला आलं की बायका भांडण थांबवून ठेवायच्या आणि ते पुढं गेलं की तिथूनच सुरू करायच्या.

त्यामुळं तिची थोरली लेक गोदी दोन वर्षांची होऊनही बोलेना, याचं कुणाला काही वाटलं नाही. हाकेला वळायची नाही, पण त्या घरात हाक मारतंय कोण? खांद्याला हात लावूनच बोलवायची रीत होती. सासू चतुराबाई म्हणायची, "चंद्या चार वर्साचा होईस्तोवर मुका हुता. आता बघा, तोंड मिटत न्हाई."

शिवाय गोदीला गाडी कळायची. जमिनीवर खेळता खेळता ती एकदम उठायची आणि दारात जाऊन रुळाकडं बघत उभी राहायची. मग कुठं लांबून शिट्टी यायची. कस्तुराबाई हरखून तिच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवायची. चंद्रभान तर गँगमध्ये सगळ्यांना सांगायचा, "आमच्या गोदीला टेसन मास्तरच्या आदी कळतंय."

चौथ्या वर्षी गोदी बालवाडीत जायला लागली. थोड्याच दिवसांत तिथल्या शिक्षिका लीलाबाई घरी आल्या.

"कस्तुराबाई, राग मानू नका. पोरीला ऐकू येत नसावं. औरंगाबादला कानाचे डॉक्टर आहेत. मशीन देतात, बोलायला शिकवतात. पण लहान आहे तोवरच न्यायला हवं."

कस्तुराबाईनं चहा टाकला. "बसा बाई. आता गाडी यायलीय. तुमीच बघा."

गोदी दाराकडं पाठ करून चिंचोके मांडत बसली होती. लीलाबाईंचा चहा निम्मा झाला आणि पोरगी उठून दारात गेली. लीलाबाईंनी कान दिला, त्यांना काहीच ऐकू आलं नाही. जरा वेळानं शिट्टी झाली.

"तुमच्या आदी आयकलं की तिनं," कस्तुराबाई म्हणाली. "मंग औरंगाबादला कोणी जायचं बाई, तिनं का तुमी?"

लीलाबाई ओशाळून हसल्या आणि उठल्या. पुढं कितीतरी दिवस कस्तुराबाई हा किस्सा शेजारणींना रंगवून सांगायची.

गोदीला सातवं लागलं. नागपंचमीला क्वार्टरांमागच्या लिंबाला पोरींनी झोका बांधला. गोदीचा नंबर आला. कस्तुराबाई धाकट्याला काखेत घेऊन बघत उभी होती. तेवढ्यात मालगाडी आली, अगदी जवळ, लांबलचक शिट्टी देत. पोरींनी माना वळवल्या. काखेतलं लेकरू दचकून रडायला लागलं. गोदी झोक्यावर पाय सोडून, आभाळाकडं बघत हसत होती. तिची मान वळली नाही.

झोका थांबला, पोरीचे पाय भुईला लागले, आणि लगेच तिनं रुळाकडं बघितलं. शेवटचे डबे चालले होते.

कस्तुराबाई वाकली आणि तिनं हात भुईवर टेकला. जमीन थरथरत होती. इतकी वर्षं ती थरथर त्यांच्या स्वतःच्या पायाखाली होतीच, पण सगळ्यांना कान होते.

डॉक्टरची तारीख घेतली, तर त्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळं गाड्या सुटल्या नाहीत. पुढची तारीख मिळाली दिवाळीनंतरची. तपासून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "तीन-चार वर्षांची असताना आणली असती तर बरंच बोलली असती. आता मशीन लावू, शिकवू. फार आशा धरू नका." कधी कळलं, असं त्यांनी विचारलं. कस्तुराबाईला लीलाबाईंचा अर्धा चहा आठवला. तिनं खाली बघून सांगितलं, "औंदाच."

तिथं बोलायला शिकवणाऱ्या हेमाताईंनी पोरीचा हात आईच्या गळ्यावर ठेवून, आवाज हाताला लागेल असं बोलायचं कसं ते दाखवलं आणि दर आठवड्याला यायला सांगितलं.

घरी चंद्रभान सगळं ऐकून म्हणाला, "गँगमदी काय सांगू आता?"

"ते राहू द्या. दर आठवड्याला न्यायची का न्हाई, ते सांगा."

"डॉक्टर म्हनला न्हवं फार होणार न्हाई म्हणून? मंग रोजगार बुडवून कशाला हेलपाटे?"

नेऊन फारसं काही होणार नाही, हे कस्तुराबाईलाही दिसत होतं.

सकाळी गोदी चुलीपाशी बसली होती. मधेच उठली आणि दारात गेली. शिट्टी झाली तशी कस्तुराबाई दचकली, पहिल्या वर्षी दचकायची तशी. गोदी वळली आणि नेहमीसारखा तिनं हात पुढं केला.

कस्तुराबाईनं डब्यातून खडा काढला. पोरीचा दुसरा हात स्वतःच्या गळ्यावर दाबून धरला आणि म्हणाली, "गूळ."

गोदी तिच्या तोंडाकडं बघत राहिली.

"गूळ. म्हण, गूळ."

पोरीनं हात सोडवून घेतला, खडा तोंडात टाकला आणि गाडी बघायला दाराकडं वळली. कस्तुराबाई तिच्या पाठीमागं उभी राहून म्हणतच राहिली.